रोटर ब्लेडचं व्हायब्रेशन कमी कसं करायचं: सोलापुरात बसून हा प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी

फायनल इयरचे टॉपिक ठरायची वेळ आली की एखादा तरी ग्रुप "हेलिकॉप्टर रोटर ब्लेडचं व्हायब्रेशन" हा विषय उचलतोच. नाव भारी वाटतं, गाईड लगेच हो म्हणतात, आणि मग डिसेंबरपर्यंत हातात असतं काय तर अन्सिस नावाच्या सॉफ्टवेअरमधलं एक रंगीबेरंगी ब्लेड, टोकाला लाल आणि मुळाशी निळं. एक्स्टर्नलने "मग हे कमी कसं केलं?" असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मी या विषयात बरेच दिवस घालवलेत, नंतर ज्युनियर पोरांच्या ग्रुपांनाही मदत केली, त्यामुळे कुठं गाडी अडते ते माहितीये. हेलिकॉप्टर आपल्याकडं नसतंय आणि लागतही नाही. एक मोटर, दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि एक मोबाईल एवढ्यात या विषयातलं खरं काम होतं, फक्त क्रम चुकवू नका.

१. हर्ट्झ नंतर, आधी "पर रेव्ह" मोजायला शिका

या विषयात सगळ्यात मोठा प्रश्न "किती हलतंय" हा नसून "एका फेऱ्यात किती वेळा हलतंय" हा आहे. रोटर एक चक्कर मारतो तेवढ्यात एकदा धक्का बसला तर १ पर रेव्ह, चार वेळा बसला तर ४ पर रेव्ह. हा आकडा कळला की अर्धं निदान झालं म्हणून समजा, कारण १ पर रेव्ह दिसलं तर बहुतेक वेळा कुठलंतरी एक ब्लेड बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे, वजनात नाहीतर अँगलमध्ये, म्हणजे दोष आपला आणि तो पान्याने सुटतो. आणि ब्लेडच्या संख्येइतकं पर रेव्ह दिसलं, म्हणजे दोन ब्लेडला २, चार ब्लेडला ४, तर ते सगळी ब्लेडं अगदी जुळी असली तरी राहणारच, ते हवेचं देणं आहे, त्याला डिझाइन, ॲब्सॉर्बर (धक्का स्वतःवर घेऊन नाचणारं जोडवजन) नाहीतर कंट्रोल लागतं. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, माझं सगळं सांगणं याच्याभोवतीच फिरतंय.

सराव करायला रोटरच पाहिजे असं नाही. ओळखीतल्या कुणाच्या टॉवेल-चादरीच्या शेडमध्ये जा, मोबाईलवर फायफॉक्स नावाचं फुकट ॲप टाका, त्यात ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम आहे, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती हलतंय याचा आलेख. मोबाईल लूमच्या फ्रेमवर घट्ट धरा. लूम मिनिटाला १२० पिक मारत असेल तर २ हर्ट्झवर काडी दिसायला पाहिजे आणि तिच्या पटीत ४, ६, ८ वर पण. मग मोबाईल शेजारच्या लूमवर न्या, ती थोडी हळू चालत असेल तर सगळ्या काड्या एकत्र सरकलेल्या दिसतील. पट तीच, हर्ट्झ वेगळे. हे एकदा डोळ्यानं बघितलं की पर रेव्ह डोक्यात पक्कं बसतंय.

२. हेलिकॉप्टर मुळात हलतं का, एवढं तरी समजून घ्या

हेलिकॉप्टर पुढं जायला लागलं की एका बाजूचं ब्लेड वाऱ्यावर चालून जातं आणि दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागं येतं. ब्लॅक हॉक या चार ब्लेडच्या अमेरिकन हेलिकॉप्टरचा हिशोब करून बघा: रोटरचा व्यास १६.३६ मीटर, वेग २५८ आरपीएम, म्हणजे टोकाचा वेग साधारण २२१ मीटर पर सेकंद. हेलिकॉप्टर ताशी २५० किलोमीटरने चाललंय असं धरलं तर ते ६९ मीटर पर सेकंद झाले, मग पुढं जाणाऱ्या टोकाला २९० आणि मागं येणाऱ्या टोकाला १५२. हवेचा दाब वेगाच्या वर्गावर चालतो त्यामुळं दोन बाजूंत साडेतीन पटीहून जास्त फरक पडतो, आणि हे प्रत्येक ब्लेडला प्रत्येक फेऱ्यात सोसायचंय, वरून पुढच्या ब्लेडने सोडलेले हवेचे भोवरे मागच्या ब्लेडवर आदळतात ते वेगळंच.

म्हणून व्हायब्रेशन स्पीडबरोबर सरळ रेषेत वाढतं असं समजू नका. हॉवरमधून (हवेत एका जागी थांबलेलं असताना) पुढं सरकताना कमी स्पीडला एकदा चांगलं वाढतं, कारण भोवरे तेव्हा रोटरच्या जवळच घुटमळतात, मग मधल्या स्पीडला खाली येतं आणि हाय स्पीडला परत चढतं. हा आलेख रिपोर्टमध्ये काढाच.

आता गंमत अशी की ब्लेडवर १, २, ३, ४, ५ असे सगळे हार्मोनिक्स (फेऱ्याच्या पटीतले धक्के) येतात पण हबवर, म्हणजे ब्लेडं जोडलेल्या मधल्या भागावर, बेरीज होताना बरेचसे एकमेकांना मारतात. चार ब्लेडच्या रोटरमध्ये ब्लेडवरचे ३, ४ आणि ५ पर रेव्हचे फोर्स मिळून केबिनला ४ पर रेव्ह पोचवतात. ब्लॅक हॉकला २५८ आरपीएम म्हणजे ४.३ हर्ट्झ, गुणिले ४, १७.२ हर्ट्झ. जुन्या दोन ब्लेडच्या ह्यूई हेलिकॉप्टरला ३२४ आरपीएमला २ पर रेव्ह म्हणजे १०.८ हर्ट्झ. ब्लेडं वाढवली की फ्रिक्वेन्सी वर जाते आणि धक्क्याची ताकद साधारण कमी होते, पण हब अवघड होतो आणि वजन-खर्च वाढतो, फुकट काहीच नाही.

३. सामान आणि कागदपत्रं

सामान एकदम आणू नका, स्टेपप्रमाणे आणा. तरी यादी देतो:

- अर्धा ते एक एचपीची थ्री फेज मोटर आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह)
- शाफ्ट, दोन पेडेस्टल बेअरिंग, पुली-बेल्ट, हबसाठी गोल प्लेट (कडेला बरोबर ३० अंशांवर भोकं पाडून घ्या, बॅलन्सिंगला लागतील)
- ॲल्युमिनियम फ्लॅट पट्टी, ४० मिमी रुंद, ३ मिमी जाड
- एमपीयू ६०५० सेन्सर, ईएसपी ३२ बोर्ड, हॉल सेन्सर आणि छोटं मॅग्नेट
- सोनाराकडं असतो तसला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा
- नायलॉक नट, चांगल्या ग्रेडचे बोल्ट, वेल्डमेशची जाळी, जाड प्लायवूड, इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण
- स्लो मोशनवाला मोबाईल
- कॉम्प्युटरवर पायथन नाहीतर ऑक्टेव्ह, दोन्ही फुकट

कागद म्हणाल तर सिनॉप्सिस, गाईडची सही, आणि फिरणारी रिग वर्कशॉपमध्ये चालवायची लेखी परवानगी. परवानगीच्या अर्जात गार्डचा स्केच आणि जास्तीत जास्त आरपीएम लिहा, मग सही लवकर मिळते. हब आणि शाफ्टचं टर्निंग अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही बऱ्या लेथवर होतं, फक्त ड्रॉइंगवर रनआउट (फिरताना होणारा वाकडेपणा) किती चालेल ते लिहून द्या, तोंडी "बरोबर करा" सांगून काही होत नसतंय. आणि मोठं आरसी हेलिकॉप्टर बाहेर उडवायचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी वेबसाइटवरचा एअरस्पेसचा नकाशा बघा, होटगी रोडला विमानतळ आहे हे विसरू नका.

४. ब्लेडची स्वतःची फ्रिक्वेन्सी काढा, आधी कागदावर मग बोटाने

पट्टी ५०० मिमी बाहेर ठेवून एका टोकाला घट्ट आवळा. पहिल्या मोडची (मोड म्हणजे पट्टीची स्वतःची हलण्याची तऱ्हा) फ्रिक्वेन्सी: ०.१६२ गुणिले जाडी भागिले लांबीचा वर्ग, गुणिले मटेरियलमधला आवाजाचा वेग. ॲल्युमिनियमला हा वेग साधारण ५०५० मीटर पर सेकंद धरा. सगळं मीटरमध्ये टाकलं की ०.००३ भागिले ०.२५, उत्तर येतं ९.८ हर्ट्झ. दुसरा मोड याच्या ६.२७ पट, म्हणजे ६१ हर्ट्झच्या आसपास. रुंदी सूत्रात येतच नाही हे लक्षात घ्या, पोरं उगाच रुंदी बदलून बघत बसतात.

मग सेन्सर पट्टीच्या मुळाजवळ लावा आणि टोकाला बोटाने टिचकी मारा, वीसेक सेकंद डेटा घ्या, एफएफटी काढा, म्हणजे डेटामधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करायचं गणित. मोजलेला आकडा जवळजवळ कायम हिशोबापेक्षा कमी येतो आणि त्याचं कारण बहुतेक वेळा क्लॅम्प असतंय. बाकावर सी क्लॅम्पने आवळलेली पट्टी म्हणजे फिक्स्ड एंड नव्हे. वर-खाली जाड प्लेट घालून दोन बोल्टने आवळा, आकडा वर सरकतो की नाही बघा.

इथले दोन सापळे. एक, १ सेकंदाचा डेटा घेतला तर एफएफटीत १ हर्ट्झपेक्षा बारीक काही दिसत नाही, २० सेकंद घेतला तर ०.०५ पर्यंत दिसतं. दुसरा सापळा, सेन्सर डबल टेपने चिकटवणं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये ती टेप अशी मऊ पडते की सेन्सर पट्टीपेक्षा वेगळाच नाचतो आणि तुम्ही टेपचं व्हायब्रेशन मोजत बसता. एम ३ च्या स्क्रूने बसवा नाहीतर फेविक्विक.

५. फॅन प्लॉट काढल्याशिवाय मोटर चालू करायची नाही

हा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा कागद, काही जण कॅम्पबेल डायग्राम म्हणतात. ब्लेड फिरायला लागलं की सेंट्रिफ्यूगल फोर्स त्याला बाहेर ताणतो आणि ते ताठ होतं, म्हणून फ्रिक्वेन्सी वाढते. हिशोब सोपा आहे: फिरतानाच्या फ्रिक्वेन्सीचा वर्ग बरोबर थांबलेल्या फ्रिक्वेन्सीचा वर्ग अधिक एक स्थिरांक गुणिले रोटरच्या वेगाचा वर्ग. याला साउथवेलचं सूत्र म्हणतात. एकसारख्या पट्टीला फ्लॅपच्या (वर-खाली वाकण्याच्या) पहिल्या मोडसाठी स्थिरांक साधारण १.२, दुसऱ्यासाठी साडेसहाच्या आसपास. हबचा ऑफसेट असेल तर थोडा वाढतो.

आता आडव्या अक्षावर आरपीएम घ्या, उभ्या अक्षावर हर्ट्झ, आणि शून्यातून निघणाऱ्या १, २, ३ पर रेव्हच्या तिरक्या रेघा मारा. त्यावर ब्लेडच्या मोडच्या रेघा काढा. आपल्या पट्टीचं काय होतं बघा. ३ पर रेव्हची रेघ पहिल्या मोडला २१० आरपीएमच्या जवळ कापते, २ पर रेव्हची ३५० च्या जवळ. आणि १ पर रेव्ह? कधीच नाही, कारण स्थिरांक एकापेक्षा मोठा आहे, ब्लेडची रेघ कायम वरच राहते. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो.

चालवायचा वेग मी ४८० आरपीएम सुचवीन, म्हणजे बरोबर ८ हर्ट्झ, हिशोबाला सोपा. तिथं पहिला मोड १३ हर्ट्झच्या थोडा वर, म्हणजे १.६४ पर रेव्ह, ठीक आहे, १ आणि २ च्या मध्ये. पण दुसरा मोड बघा, ६४.७ हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ ८ पर रेव्हवर बसलाय. इतक्या वरच्या हार्मोनिकला ताकद कमी असते त्यामुळं रिगला फार त्रास होत नाही, तरी आठवी पट कुठं पडते ते नोंदवून ठेवा, पुढं डिझाइन बदलताना कामी येईल.

६. रिग उभी करा, आणि गार्ड आधी

४८० आरपीएम ऐकायला कमी वाटतं. टोकाचा वेग २५ मीटर पर सेकंद होतो, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, आणि १६२ ग्रॅमची ती पट्टी मुळाच्या बोल्टला दहा किलोच्या वजनाइतकं ओढते. म्हणून मुळाशी दोन बोल्ट, नायलॉक नट, भोकापासून कडेचं अंतर निदान भोकाच्या व्यासाच्या दुप्पट. जाळी आणि प्लाय पूर्ण गोल, आणि रोटर ज्या सपाटीत फिरतो त्या सपाटीत कुणीही उभं राहायचं नाही, फोटो काढायला सुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याच रिपोर्टमध्ये नसते: लाईट जाणं. रिग ४८० वर असताना लाईट गेली तर रोटर आपोआप हळूहळू थांबत येतो आणि येताना ३५० आणि २१० या दोन्ही जागांवरून सावकाश जातो. चालू करताना तुम्ही व्हीएफडीने पटकन पार केलेलं असतं, बंद होताना तुमच्या हातात काही नसतं. पूर्ण थांबेपर्यंत गार्ड उघडू नका.

पुलीचं प्रमाण ३ ला १ घेऊ नका. मोटर १४४० ला फिरली की रोटर बरोबर ४८० ला, हिशोब सुटसुटीत वाटतो, पण मग मोटरचं स्वतःचं असंतुलन २४ हर्ट्झला येतं आणि ते नेमकं रोटरचं ३ पर रेव्ह. कुठलं कोणाचं ओळखणार? २.८ सारखं आडनिडं प्रमाण घ्या, मोटर २२.४ हर्ट्झला वेगळी उभी दिसते. आणि ब्लेड बसवायच्या आधी स्टँडला रबरी हातोड्याने ठोका, त्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी ८ किंवा १६ च्या जवळ निघाली तर फॅब्रिकेशनवाल्याकडं परत जा, पुढची मोजमापं सगळी खोटी येतील.

पुढं उडणाऱ्या हेलिकॉप्टरसारखा एका बाजूचा वारा कुठनं आणायचा? डेझर्ट कूलरचा पंखा एका बाजूला लावा, जाळीच्या बाहेरून, वारा खालून किंवा वरून ब्लेडच्या सपाट बाजूवर आला पाहिजे. ब्लेड त्या झोतातून जाताना दर फेऱ्याला एक फटका खातं, आणि झोत अरुंद असल्यामुळं त्यात १, २, ३ सगळे हार्मोनिक्स येतात.

७. बॅलन्स आणि ट्रॅक: १ पर रेव्ह इथंच संपवा

आधी दोन्ही ब्लेडं काट्यावर तोला. वजन सारखं असून भागत नाही, बॅलन्स पॉइंटही मुळापासून सारख्याच अंतरावर पाहिजे, पेन्सिलवर ठेवून बघा. छोट्या आरसी हेलिकॉप्टरवाल्यांना हे चांगलं माहिती असतं, ३२५ मिमीच्या ब्लेडला २६०० आरपीएमला टोकाशी १ ग्रॅमचा फरक म्हणजे जवळजवळ पावणेतीन किलोचा फिरता झटका.

मग फिरवून बॅलन्स. फेज (धक्का फेऱ्यात नेमका कुठं येतो ते) मोजायची भानगड नको असेल तर चार रनची पद्धत वापरा. पहिला रन तसाच, ८ हर्ट्झची उंची लिहा. मग एक छोटं ट्रायल वजन हबच्या भोकात ०, १२० आणि २४० अंशांना आळीपाळीने लावून तीन रन. कागदावर पहिल्या उंचीच्या त्रिज्येचं वर्तुळ काढा, त्यावर ०, १२०, २४० चे बिंदू, प्रत्येक बिंदूवरून त्या त्या रनच्या उंचीची वर्तुळं. तिन्ही जिथं कापतील तो कोन म्हणजे वजन लावायची जागा. वजन किती, तर ट्रायल वजन गुणिले पहिली उंची भागिले केंद्रापासून त्या छेदनबिंदूपर्यंतचं अंतर. तीन वर्तुळं अगदी एका बिंदूत भेटत नाहीत, छोटा त्रिकोण उरतो, चालतं. त्रिकोण मोठा आला तर मध्येच आरपीएम हललाय, परत करा.

ट्रॅकिंगला, म्हणजे दोन्ही टोकं एकाच उंचीवरून फिरतात का बघायला, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळा टेप. २४० फ्रेमच्या स्लो मोशनला ४८० आरपीएमवर दर फेऱ्याला ३० फ्रेम मिळतात, कडेने बघितलं की लाल-निळं एकाच उंचीला आहे का कळतं. खऱ्या हेलिकॉप्टरवर हेच काम पिच लिंकची (ब्लेडचा अँगल ठरवणाऱ्या दांडीची) लांबी बदलून आणि ब्लेडच्या मागच्या कडेचा छोटा ट्रिम टॅब वाकवून करतात. टोकांना रंग लावून कापडी झेंडा हळूच ब्लेडांजवळ न्यायचा आणि कापडावरच्या खुणा बघायच्या ही जुनी पद्धत होती, ते आपण करायचं नाही.

कूलर बंद ठेवून ८ हर्ट्झची काडी अगदी बसली की मगच पुढं चला.

८. डिझाइनमध्ये काय काय हलवता येतं

कूलर चालू करा, १६ हर्ट्झला काडी उभी राहील. ती आपली २ पर रेव्ह. आता पहिला उपाय म्हणजे ब्लेडचे मोड हार्मोनिक्सपासून लांब नेणं. मी निदान पाव पर रेव्हचं अंतर धरतो, शक्य असेल तर दोन हार्मोनिक्सच्या बरोबर मध्ये.

दोन्ही ब्लेडांच्या टोकाला २० ग्रॅम लावून बघा. थांबलेल्या पट्टीची फ्रिक्वेन्सी ९.८ वरून ८ च्या आसपास येते, बोटाच्या टिचकीने लगेच दिसतं. फिरताना १.६४ पर रेव्हचं दीडच्या जवळ येतं, म्हणजे नेमकं मध्ये, आणि ८ पर रेव्हवर बसलेला दुसरा मोड पण खाली सरकतो, तो कुठं गेला ते परत मोजा, नाहीतर एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात टाकाल. ४८० ला ते २० ग्रॅम अडीच किलोच्या वजनाने बाहेर ओढतात, टेपने चिकटवायचा विचार सुद्धा नको, आरपार बोल्ट.

खऱ्या ब्लेडमध्ये यापेक्षा बरंच काही करतात. वजन लांबीवर कुठं ठेवायचं हे मोडचा आकार बघून ठरवतात, कंपोझिटमध्ये फायबरच्या थरांची दिशा बदलून वाकण्याचा आणि पिळण्याचा ताठपणा वेगवेगळा ठेवता येतो, टोक मागं वळवतात. आणि ब्लेडचा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी पुढच्या कडेपासून साधारण पाव कॉर्डच्या (कॉर्ड म्हणजे ब्लेडची रुंदी) जवळ ठेवतात, त्यासाठी पुढच्या कडेला जड धातू घालतात, कारण तो मागं सरकला तर फ्लटरची, म्हणजे हवेमुळं आपोआप वाढत जाणाऱ्या थरथरीची भीती. तुमच्या पट्टीत तो मधोमध आहे, म्हणून पिचला अँगल देऊन वेग वाढवायचे प्रयोग करू नका.

हिंज असलेल्या रोटरचा पहिला फ्लॅप १ पर रेव्हच्या जरासा वर असतो, आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरसारख्या हिंज नसलेल्या रोटरचा साधारण १.१ च्या आसपास. तुमचा दीड आला म्हणून घाबरू नका, पट्टी खूप ताठ आहे इतकंच.

९. ॲब्सॉर्बर

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथं पडतो, माझ्या मते एवढाच प्रोजेक्ट नीट केला तरी पुरे. स्टीलची २०० मिमी लांब, २५ मिमी रुंद, २ मिमी जाड पट्टी स्टँडला आडवी आवळा, टोकाला साधारण १०५ ग्रॅमचं वजन. ती १६ हर्ट्झला ट्यून होते. धक्का ज्या दिशेने आहे त्या दिशेने पट्टी वाकली पाहिजे, हे तपासा. वजन नटने पुढंमागं सरकवून बारीक ट्यूनिंग करा. बरोबर बसलं की पट्टी वेड्यासारखी नाचते आणि स्टँड शांत होतो.

अडचण अशी की आरपीएम ४८० चा ५०० झाला की २ पर रेव्ह १६.७ होतं आणि सगळी मेहनत वाया. हेलिकॉप्टरचा रोटर जवळजवळ एकाच वेगाने चालतो म्हणून तिथं हा उपाय टिकतो. ध्रुवमध्ये गिअरबॉक्स आणि बॉडीच्या मध्ये अँटी-रेझोनन्स आयसोलेशन सिस्टीम आहे, एआरआयएस म्हणतात, ती याच घराण्यातली, फक्त धक्का रस्त्यातच अडवते.

आणि वजन हबवर फिरतं ठेवलं तर आणखी मजा. सेंट्रिफ्यूगल फोर्समध्ये झुलणाऱ्या लंबकाची फ्रिक्वेन्सी रोटरच्या वेगाच्या प्रमाणातच वाढते, म्हणून तो आपोआप ट्यून राहतो. लंबकाचा खिळा केंद्रापासून किती लांब भागिले लंबक किती लांब, या गुणोत्तराचं वर्गमूळ घेतलं की तो किती पर रेव्हला बसलाय ते कळतं. ३ पाहिजे तर गुणोत्तर ९.

१०. कंट्रोल: शेवटी, आणि बाकी सगळं झाल्यावरच

खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये दोन मुख्य रस्ते. एक, ब्लेडचाच पिच (अँगल) पटापट हलवून धक्का जन्मतःच मारायचा. स्वॉशप्लेट (सगळ्या ब्लेडांचा अँगल हलवणारी तबकडी) ब्लेडच्या संख्येइतक्या पर रेव्हने हलवली की हायर हार्मोनिक कंट्रोल, १९८२ मध्ये ओएच-६ए वर ते उडवून दाखवलं होतं. प्रत्येक ब्लेड स्वतंत्र हलवलं की इंडिव्हिज्युअल ब्लेड कंट्रोल, त्याच्या चाचण्या बीओ १०५ चा रोटर नासा एम्सच्या मोठ्या विंड टनेलमध्ये ठेवून झाल्या. ब्लेडच्या मागच्या कडेला पिझोवर (वीज दिली की आकार बदलणाऱ्या पदार्थावर) चालणारे छोटे हलते तुकडे, म्हणजे फ्लॅप, लावलेलं बीके ११७ हे २००५ मध्ये उडालं. दुसरा रस्ता, ब्लेडला हात न लावता बॉडीमध्ये ॲक्च्युएटर बसवून उलटा धक्का द्यायचा, एडब्ल्यू १०१ वर हे आहे. फिरत्या ब्लेडपर्यंत वीज पोचवणं, बिघाड झाला तर काय, वाढलेलं वजन, या कारणांनी दुसरा रस्ता जास्त रुळला असं माझं मत.

आपणही दुसराच घ्यायचा. जुना वूफर घ्या, कोनवर वजन चिकटवा म्हणजे तो १६ हर्ट्झला काम करेल, स्टँडला बोल्टने लावा. हॉल सेन्सर दर फेऱ्याला एक पल्स देतो, ईएसपी ३२ त्यावरून २ पर रेव्हचा साईन आणि कोसाईन तयार करतो.

मग असं करा. वूफर बंद असताना स्टँडच्या १६ हर्ट्झचा साईन भाग आणि कोसाईन भाग वेगवेगळा काढा. आता फक्त कोसाईन कमांड थोडीशी द्या, दोन्ही भाग परत मोजा. मग फक्त साईन द्या, परत मोजा. यावरून दोन बाय दोनचं मॅट्रिक्स मिळतं, म्हणजे कमांड दिली की उत्तर किती आणि कुठल्या फेजला येतं. त्याचं इन्व्हर्स घेऊन मूळ व्हायब्रेशनच्या उलटी कमांड काढा. एकदम पूर्ण देऊ नका, निम्मी द्या, मोजा, परत निम्मी. मोठ्या हेलिकॉप्टरवरच्या अल्गोरिदमचं मूळ हेच आहे, त्यात ॲक्च्युएटर जास्त ताणू नये म्हणून दंड लावलेला असतो इतकंच.

सापळा: सेन्सरचा फिल्टर सिग्नलला उशीर करतो. मॅट्रिक्स काढताना एक फिल्टर सेटिंग आणि कंट्रोल चालवताना दुसरं ठेवलं तर फेज सरकते आणि व्हायब्रेशन कमी व्हायच्या जागी वाढतं. सेटिंग एकदा ठरवलं की हात लावू नका.

११. रिपोर्ट आणि व्हायव्हा

चार स्पेक्ट्रम एकाच स्केलवर, एका पानावर: काहीच न करता, बॅलन्सनंतर, ॲब्सॉर्बर लावून, कंट्रोल चालू करून. आडव्या अक्षावर हर्ट्झच्या खाली पर रेव्ह पण लिहा. "किती टक्के कमी झालं" सांगताना कुठल्या पर रेव्हचं ते सांगा, सगळ्याची बेरीज करून टक्के काढले तर मोटर आणि बेल्टचं पण त्यात येतं. ॲब्सॉर्बरच्या स्पेक्ट्रममध्ये दोन्ही बाजूंना नवीन छोट्या काड्या आल्या असतील तर त्या खोडू नका, तिथं आता दोन मोड झालेत, थिअरी तेच सांगते.

प्रश्न काय येतात ते वर मधे मधे सांगितलंय, एक राहिला. ब्लॅक हॉकला ब्लेडं चार, केबिनमध्ये त्रास ४ पर रेव्हचा, मग त्याच्या हबवरचा बायफायलर (लंबकासारखा झुलणारा) ॲब्सॉर्बर ३ पर रेव्हला का ट्यून केलाय? उत्तर: तो हबबरोबर फिरतो, आणि फिरत्या हबवरचा ३ पर रेव्हचा आडवा फोर्स थांबलेल्या बॉडीत पोचताना ४ होतो. स्टेप २ मधली ३, ४, ५ ची ओळ परत वाचा आणि फळ्यावर दोन साईनचा गुणाकार करून दाखवायची तयारी ठेवा.